एका दिवसात एकच बाग

वाचकांचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

पुण्यात कोथरूडला आमचं एक बागप्रेमी मंडळ आहे. चाळीसेक सभासद, बहुतेक निवृत्त, गच्चीत नाहीतर बाल्कनीत कुंड्या लावणारे. बागा बघायला म्हणून आम्ही अधूनमधून एका दिवसाची सहल काढतो आणि चिटणीस म्हणून ते सगळं माझ्या गळ्यात असतं. फेब्रुवारीच्या शेवटी सोलापूर रोडला गेलो होतो. साडेसहाची बस सव्वासातला हलली. वाटेत थेऊरला दर्शन, मग उरुळी कांचनच्या नर्सऱ्या आणि शेवटी यवतच्या पुढे एका काकांची खासगी बाग, असा बेत होता. नर्सरीतून लोक निघेनात. काकांकडे साडेअकराला जायचं होतं, पोचलो दीडला. बिचारे सरबत करून वाट बघत होते. रणरणत्या उन्हात अर्ध्या तासात बाग उरकली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. अडेनियमच्या दोन फांद्या कोणीतरी मोडून नेल्या होत्या आणि एका जुन्या होयाच्या वेलाचे फुलांचे देठच खुडले होते. "आता पुन्हा कोणाला बाग दाखवणार नाही," एवढंच म्हणाले. मी ग्रुपवर विचारलं तर कोणी बोलेना. उलट एकीने लिहिलं, "फांदीच तर आहे, चोरलेलं रोप छान लागतं." शिवाय चालणं फार झालं, जेवण उशिरा मिळालं, गाण्याच्या भेंड्यांना वेळच उरला नाही, अशा तक्रारी. ऐनवेळी नाव काढलेल्या चौघांना पैसे परत हवेत ते वेगळंच. सहली बंदच कराव्यात असं वाटायला लागलंय. चिटणीसपदही नकोसं झालंय.

ता. क. आमच्यातल्या एक आजी ७८ वर्षांच्या आहेत, वॉकर घेऊन चालतात. त्यांच्यामुळे सगळे रखडतात, पुढच्या वेळी त्यांना नेऊ नये असं काहींचं म्हणणं आहे. काय करू?

एक चिटणीस, पुणे

चिटणीसताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात बरेच प्रश्न आहेत. त्यातला काकांच्या होयाचा प्रश्न लांबणीवर टाकण्यासारखा नाही, म्हणून आधी तोच घेते.

होयाला ज्या देठावर फुलांचा झुबका येतो, तो देठ फुलं गळून गेल्यावर गळत नाही. पुढच्या बहराला त्याच देठाच्या टोकाला पुन्हा कळ्या धरतात आणि हे वर्षानुवर्षं चालू राहतं. बहुतेक होयांची हीच रीत. फुलं नसताना मात्र तो आखूड, बिनपानांचा देठ वाळक्या काडीसारखा दिसतो. तुमच्यापैकी कोणीतरी तो कटिंग म्हणून नेला असेल तर त्याचा काही उपयोग होणार नाही, कारण पानाचा डोळा नसलेल्या त्या तुकड्यातून वेल होत नाही. काकांचा मात्र या वर्षीचा बहर गेला आणि त्या देठांवरचे पुढचे सगळे बहरही गेले. नवे देठ धरायला जुना वेलही भरपूर वेळ घेतो. त्या माणसाने फोनवर आवाज चढवला नाही, एवढंच बोलून ठेवून दिला, यावरून त्यांना काय वाटलं असेल ते कळतं.

अडेनियमचंही ऐका. फांदी कात्रीने कापली, जखम कोरडी ठेवली, तर झाड ते सोसतं. हाताने पिळून मोडली की सालीचा तुकडा खाली ओढला जातो, चीक येत राहतो आणि ती जागा सुकायच्या आत पाणी लागलं तर कूज आत उतरते. नेणाऱ्यालाही फारसं काही मिळत नाही. अडेनियमचं जे गलेलठ्ठ बूड आपल्याला आवडतं ते बियांपासून केलेल्या रोपाला येतं. फांदीपासून केलेल्याला तसं सहसा धरत नाही. शिवाय एका झाडाची फांदी मोडलेल्या चिकट हाताने आपण दुसरं झाड हाताळतो, तेव्हा रोगही पुढे नेतो. ऑर्किड वाढवणारी माणसं दर झाडामागे कात्री निर्जंतुक करतात ती याच भीतीने, कारण ऑर्किडचे काही विषाणू कापायच्या हत्यारावरूनच पसरतात. आणि पर्समध्ये गुंडाळून आणलेल्या फांदीच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण असला, तर महिन्याभरात आपल्या जास्वंदीवर त्याचा कापूस दिसायला लागतो.

"चोरलेलं रोप छान लागतं" हे मनीप्लांटबद्दल आपण सगळ्यांनीच लहानपणापासून ऐकलंय. मनीप्लांट विकत आणला तरी लागतो, मागून आणला तरी लागतो. ज्या ताईंनी ग्रुपवर तसं लिहिलं त्यांना वरचं सगळं समजावून सांगा, पण सभेत, समोरासमोर बसून. ग्रुपवर लिहिलंत तर होया बाजूला राहील आणि कोण कोणाला काय बोललं यावरच रात्र जाईल.

काकांकडे तुम्ही स्वतः जा. सोबत मंडळाचे अध्यक्ष, आणखी कोणी नको. आधी फोन करून त्यांना कोणती वेळ सोयीची ते विचारा आणि त्या वेळेला दारात उभे राहा. मंडळाच्या वतीने माफीचं पत्र न्या आणि त्यात "चुकून", "कोणाकडून तरी" असले शब्द घालू नका. आमच्या सहलीत तुमच्या झाडांचं नुकसान झालं, जबाबदारी मंडळाची आहे, असं सरळ लिहा. उशिरा पोचलो त्याचीही माफी मागा, ते विसरू नका. सरबत करून दोन तास वाट बघायला लावणं ही लहान गोष्ट नाही. भरपाई म्हणून परस्पर दुसरा होया घेऊन जाऊ नका. संग्रह करणाऱ्याला कोणता वाण हवा असतो हे त्यालाच ठाऊक, आणि बाहेरचं रोप आपल्या वेलांत ठेवायला तो धजत नाही. काही आणून द्यायला आवडेल, काय आणू, असं विचारा. नको म्हणाले तर आग्रह धरू नका. आणि पुन्हा बाग दाखवाल का, हे त्या भेटीत तोंडातूनही काढू नका.

कोणी खुडलं हे शोधत बसू नका. बहुधा कळणार नाही, आणि कळलंच तर मंडळात दोन तट पडतील. पुढचा नियम मात्र लेखी करा, आणि नावनोंदणीच्या वेळी प्रत्येकाची सही घ्या: यजमान स्वतःच्या हाताने देतील तेवढंच घ्यायचं. खाली पडलेलं बी, वाळलेली शेंग, तुटून पडलेलं पान, हेसुद्धा विचारून. ज्यांना हे पटत नाही त्यांचं नाव घ्यायचं नाही. इथे मी जराही मवाळ व्हायला सांगणार नाही.

तरी दुसऱ्याकडचं सुंदर झाड पाहिलं की बागवेड्या माणसाचे हात शिवशिवतात, हेही खरं. त्याला रीतसर वाट काढून द्या. सहलीला येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घरचं एक मुळं धरलेलं रोप छोट्या पिशवीत आणायचं, त्यावर नाव लिहायचं, कीड नाही याची खात्री करायची. बाग बघून झाली की सगळी रोपं ओळीने मांडायची. पहिली निवड यजमानांची. मग उरलेल्यांत सभासदांची देवाणघेवाण. यजमानांना द्यावंसं वाटलं तर ते देतीलच, आणि रोप देताना ते कसं लावायचं हेही सांगतील. बागवाल्याला मागणाऱ्याचा राग येत नाही, न विचारता नेणाऱ्याचा येतो.

आता त्या दिवसाच्या आखणीकडे येते, कारण बाकीच्या तक्रारी तिथूनच निघाल्यात. देऊळ, नर्सरी आणि बाग हे तिन्ही तुम्ही एका रस्त्यावर आहेत म्हणून एका दिवसात बसवलंत. बसच्या हिशेबाने ते सोयीचं होतं. पण ज्याच्यासाठी निघालात ती बाग सगळ्यात शेवटी आली, आणि तीही उन्हाच्या सगळ्यात वाईट वेळेला. माझं तुम्हाला एकच ठाम सांगणं आहे: एका दिवसात एकच बाग, आणि ती दिवसाची पहिली गोष्ट.

सकाळी आठ ते साडेदहा ही बाग बघायची खरी वेळ. कमळं सकाळी उमलतात आणि उन्हं चढली की मिटायला लागतात. चिनी गुलाब दुपारनंतर मिटून बसतो. फुलपाखरं कोवळ्या उन्हात पंख तापवून नऊच्या सुमारास हलायला लागतात. पानांची पाठ बघायची असेल, खोडावरची कीड बघायची असेल, तर तिरपा उजेड लागतो. दुपारी दीडला सगळी पानं माना टाकून बसलेली असतात आणि माणसं सावली शोधत असतात. अशा वेळी बाग दाखवणाऱ्याचाही जीव थोडाथोडा होतो, कारण वर्षभर ज्यासाठी राबलो ते आज नीट दिसतच नाही.

म्हणून ठिकाण असं निवडा की बसमध्ये दीड तासापेक्षा जास्त जाऊ नये. सहाला निघायचं आणि सहा पाचला बस हलवायची. पहिल्या वेळी दोघं मागे राहतील, दुसऱ्या वेळी कोणी राहणार नाही. देऊळ वाटेत असेल तर परतताना, आणि तेही ज्यांना दर्शन हवं त्यांच्यासाठी, वेळ ठरवून. थेऊर अष्टविनायकांपैकी, तिथे सुट्टीच्या दिवशी रांग किती असेल ते सांगता येत नाही. तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. संकष्टी असेल तर थेऊरला गर्दी आणि तुमच्या निम्म्या बसला उपास, म्हणजे जेवणाचा बेत पुन्हा वेगळा.

नर्सरीची फेरी मात्र सहलीतून पूर्णपणे काढून टाका आणि तिचा स्वतंत्र दिवस करा. उरुळी कांचनच्या बाजूला नर्सऱ्यांची रीघ आहे, तिथे माणूस हरवणारच, त्यात त्यांची चूक नाही. जूनमध्ये एक-दोन चांगले पाऊस झाले की जा. प्रत्येकाने यादी आधी करायची आणि रोपांसाठी वेगळा छोटा टेम्पो ठरवायचा, म्हणजे बसच्या पॅसेजमध्ये कुंड्या आणि चिखल होत नाही. नवख्या सभासदांना तिथे शिकवायलाही खूप असतं. पिशवी उचलून खालून बघायची. भोकांतून मुळांचं जाळं बाहेर आलं असेल तर रोप फार दिवस त्याच पिशवीत आहे. कलम घेताना जोड कुठे आहे ते बोटाने चाचपायचं आणि जोडाच्या खालून फूट आलेली नाही ना ते बघायचं. फुलांनी लगडलेल्या रोपापेक्षा कळ्यांचं घ्यायचं. पानाची पाठ उलटून पांढरी माशी, कोळी, खवले कीड आहे का पाहायचं. घरी आणल्यावर दोन आठवडे ते रोप बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवायचं.

कुठे जायचं हे तुम्ही विचारलं नाही, पण सहली बंद करायचा विचार करताय म्हणून सांगते. जवळ इतकं आहे की मंडळाला वर्षं पुरतील.

सुरुवात शहरातूनच करा, बस न करता. एम्प्रेस गार्डन ३९ एकरांचं आहे आणि ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ते सांभाळते. २६ जानेवारीच्या आसपास तिथे दरवर्षी पुष्पप्रदर्शन भरतं. त्याला जरूर जा, शक्यतो पहिल्या दिवशी सकाळी, कारण नंतर फुलं दमतात आणि गर्दी वाढते. पण मंडळाची खरी सहल प्रदर्शन सोडून एखाद्या साध्या दिवशी काढा आणि फक्त जुनी झाडं, त्यांच्यावर चढलेल्या जाडजूड वेली बघा. कुंडीत वाढवणाऱ्यांना झाड पूर्ण वाढल्यावर केवढं होतं याचा अंदाज नसतो. तिथे तो येतो.

गणेशखिंडची जुनी फळबाग राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलेली आहे. ते संशोधनाचं ठिकाण आहे, तेव्हा आधी लेखी परवानगी मागा आणि माहिती द्यायला कोणी भेटेल का तेही त्याच पत्रात विचारा. सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलंय. तिथे फुलं शोधू नका. पाणी कुठून आलंय, वाट कुठे वळते, वळण घेतल्यावर समोर काय येतं, हे बघा. बाल्कनीत मोजकीच झाडं ठेवून जागा मोकळी कशी सोडायची हे तिथे समजतं.

वर्षातून एकदा लांबचा बेत करायचा असेल तर मुंबईची राणीची बाग. १८६२ साली ती सर्वांसाठी खुली झाली. आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. बस नको, डेक्कन क्वीनने जा. पुण्याहून सव्वासातला निघते. दादरला उतरून सीएसएमटीकडे जाणाऱ्या धीम्या लोकलने भायखळ्याला यायचं, तिथून पायी जाता येतं. इथे माझा सकाळी आठचा नियम मोडतो, पण ती सावलीची बाग आहे, साडेदहा-अकराला पोचलं तरी चालतं. बुधवारी बंद असते, तेवढं लक्षात ठेवा. बहुतेक लोक पेंग्विन बघायला आलेले असतात, त्यामुळे झाडांखाली शांतता मिळते. हिवाळा संपता संपता गेलात तर उर्वशी फुललेली भेटेल. मूळची म्यानमारची ही. लाल फुलांचे घोस लांब देठांवरून खाली लोंबतात आणि पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका असतो. गोरखचिंचेचं ते अवाढव्य खोड आणि खोडालाच फुलं येणारा कैलासपती, एवढं बघितलं तरी दिवस सार्थकी. या बागेतली झाडं वाचावीत म्हणून मुंबईतल्या काही बायका वर्षानुवर्षं झगडल्या आहेत. तुमच्या मंडळाने निदान ती डोळे भरून बघून यावीत.

कासबद्दल तुमच्या सभासदांनी आग्रह धरला असेलच. कास ही बाग नाही, ते पठार आहे, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलेलं. सप्टेंबरात, आठवड्याच्या मधल्या दिवशी, ऑनलाइन नोंदणी करूनच जा, आणि पहाटे निघायची तयारी ठेवा. तिथे कुंडीवाल्यांनी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. जांभ्याच्या कातळावर काही ठिकाणी माती जेमतेम इंच-दोन इंच असते आणि तेवढ्यात सीतेची आसवं, गेंद, तेरडा असं सगळं उभं असतं. त्या मातीत अन्न इतकं कमी की सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती बारीक किडे पकडून आपली गरज भागवतात. आपण मात्र दर पंधरा दिवसांनी खत घालत असतो. आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकायचं नाही, कारण बुटाखाली नेमकी तीच दोन इंच माती जाते.

मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाउसनाही भेट देता येते, पण जानेवारीच्या शेवटापासून १४ फेब्रुवारीपर्यंत फोनसुद्धा करू नका. त्यांची वर्षाची कमाई त्या दिवसांत असते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात दुर्मीळ कंदीलपुष्पं जपण्याचं मोठं काम झालंय. तो एका दिवसाचा बेत नव्हे, मुक्काम करायचा असेल तेव्हाच ठरवा.

खासगी बागांना जाताना चाळीस जण एकदम नेऊ नका. गच्चीवरची बाग असेल तर मुळीच नको. ओल्या मातीच्या कुंड्यांचं वजन स्लॅबवर आधीच असतं, त्यात चाळीस माणसं. पंधरा जणांची तुकडी पुष्कळ झाली. दोन तुकड्या केल्या तर दोन वेगळ्या दिवशी जा, यजमानांना चालणार असेल तर. घरातलं एकच स्वच्छतागृह सगळ्यांनी वापरायला लागू नये म्हणून आधी वाटेत एखाद्या चांगल्या हॉटेलवर थांबा. चहा-सरबत यजमानांकडून घेऊ नका, आपला थर्मास न्या. फोटो विचारून काढा, आणि दुर्मीळ झाडाचा फोटो पत्त्यासकट स्टेटसला टाकू नका. तो बघून चोर येतात, हे संग्राहकांना चांगलंच ठाऊक असतं.

आणि तिथे गेल्यावर काय विचारायचं, हे मंडळाने शिकायला हवं. "हे काय आहे?" आणि "हे कुठे मिळेल?" या दोन प्रश्नांतच बहुतेक सहली संपतात. तुम्ही विचारा, "तुमच्याकडे काय मेलं?" बागवाला एकदम मोकळा होतो. कोणती झाडं तीनतीनदा आणून गेली, कोणती पश्चिमेच्या भिंतीजवळ करपली आणि तीच कुंडी चार फूट सरकवल्यावर कशी तरारली, पाणी कमी घालायला शिकायला किती वर्षं लागली, हे तो सांगायला लागतो. त्यातलं तुमच्या गच्चीत लगेच उपयोगी पडतं. कुंड्यांखाली विटा ठेवल्यात का, का ठेवल्यात. शेवाळ कुठल्या बाजूला धरलंय. पाण्याची टाकी कुठे आहे आणि उन्हाळ्यात ते पाणी किती तापतं. प्रत्येकाने अशी एकच गोष्ट वहीत लिहून आणायची आणि पुढच्या सभेत सांगायची, एवढं ठेवा. सहा महिन्यांनी कोणी काय करून पाहिलं ते विचारा.

भेंड्या परतीच्या प्रवासात, पोटभर. ज्या बाईला वर्षात असे तीन-चारच दिवस स्वयंपाकघराबाहेर मिळतात तिने बसमध्ये गाणी म्हणायला हवीतच. तिला गप्प बसवून बागेचं भलं होत नाही. जेवण साडेबाराच्या आत. झुणका-भाकरी, ताक, एखादी कोशिंबीर, आणि ते एकाच ठिकाणी आधी सांगून ठेवलेलं.

पैशांचं थोडक्यात. बस ठरली की रक्कम परत नाही, बदली माणूस दिलात तर तुमचं तुम्ही बघा, असा नियम करा. तो आधी सांगितलेला नव्हता, म्हणून या वेळी त्या चौघांना जेवणाचे तेवढे पैसे परत द्या आणि विषय मिटवा. सहलीचा हिशेब आठवड्याच्या आत ग्रुपवर टाकत जा, कुजबूज आपोआप थांबते.

आता तुमच्याबद्दल. तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात बस आहे, उशीर आहे, सभासदांच्या तक्रारी आहेत, काकांचा फोन आहे. त्या बागेत तुम्ही स्वतः काय पाहिलंत, हे एकदाही आलेलं नाही. माणसं मोजण्यात, ड्रायव्हरशी बोलण्यात आणि जेवणाच्या फोनमध्ये तुमचा तो अर्धा तास गेला असणार. चिटणीसपद नकोसं होण्याचं मूळ मला तिथे दिसतं. तुम्हीही बागेच्या वेडापायीच या मंडळात आलात ना? कामं वाटून टाका. बस आणि ड्रायव्हर एकाकडे, पैसे दुसऱ्याकडे, जेवण तिसऱ्याकडे. यजमानांशी बोलणं तेवढं तुमच्याकडे ठेवा, ते तुम्हाला जमतं. काकांनी मोडलेल्या झाडांबद्दल फोन केला तो तुम्हालाच केला. बागेत शिरल्यावर तुमचा फोन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्या. सहली बंद करू नका. वर्षातून दोनच काढा, पण अशा काढा.

राहिल्या आजी. त्यांना नेऊ नये म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की आज ना उद्या तेही वॉकरवर येतील, तेव्हा मंडळाने त्यांच्यासाठी काय नियम ठेवावा ते आत्ताच ठरवावं. मग सहलीच्या सूचनेत प्रत्येक वेळी लिहा: किती चालायचंय, पायऱ्या किती, बसायला जागा कुठे, स्वच्छतागृह किती लांब. कास त्यांना जमणार नाही, ते त्या स्वतःच वाचून ठरवतील. जिथे जमेल तिथे सावकाश चालणाऱ्यांची वेगळी तुकडी करा, तिला स्वतःचा म्होरक्या द्या आणि दोन घडीचे स्टूल सोबत घ्या. गुडघे दुखणारे आणखी सात-आठ जण त्या तुकडीत आपणहून येतील, आजवर ते बोलत नव्हते इतकंच. आजींना जुन्या झाडांची माहिती असेल, लहानपणी अंगणात काय काय होतं ते आठवत असेल, तर त्या तुकडीला सांगायचं काम त्यांच्याकडेच सोपवा. आणि पुढची सहल एम्प्रेसचीच ठेवा. सगळ्यांनी थेट तिथे जमायचं, आजींच्या घराजवळच्या दोघींनी त्यांना रिक्षाने घेऊन यायचं. फाटकाशी किती वाजता भेटायचं, ते आजींना विचारून ठरवा.